ताईंचे दाणे

माझी नणंद आमच्याकडे कायमची राहायला आली ती तिच्या यजमानांचं वर्षश्राद्ध झाल्यावर. मालेगावचं घर मुलाने विकलं होतं. मुलगा पुण्यात, दोन खोल्यांचा फ्लॅट, सून नोकरी करणारी, नातवाची दहावी. मोठं घर बघतोच आहे, तोवर थोडे दिवस आईला ठेवून घ्या, असं तो माझ्या नवऱ्याला फोनवर म्हणाला. थोडे म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये एका जुन्या रो-हाउसच्या ओळीत राहतो. मुलीचं लग्न झालेलं, तिची खोली रिकामी. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं.

मी तिला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. माझ्या नवऱ्यापेक्षा ती बरीच मोठी. आई लवकर गेली म्हणून त्याला तिनेच वाढवलेलं. मालेगावला ताईंच्या यजमानांचं सुताचं दुकान होतं. घरात सतत माणसांचा राबता, मागे मोठं अंगण, येणारा-जाणारा जेवल्याशिवाय हलायचा नाही. आमच्याकडे आल्यावर त्या सकाळी आंघोळ करून हॉलमधल्या खुर्चीत पदर सावरून बसायच्या, पाहुण्यासारख्या. स्वयंपाकघरात आल्या की मी म्हणायची, ताई, तुम्ही बसा, मी करते. मी ते चांगल्या मनाने म्हणायची. त्यांना ते कसं ऐकू जायचं, ते मला कळायला मार्ग नव्हता.

घरामागे बाग आहे. बाग म्हणजे अंगणाएवढी जागा, पण मी शाळेत शास्त्र शिकवत होते आणि निवृत्तीनंतर सगळा जीव तिथेच ओतला होता. पेरू, कढीलिंब, तगर, थोडी वांगी-टोमॅटो आणि मागच्या कोपऱ्यात भिंतीवर मधुमालती. ती मधुमालती आमची आणि शेजारच्यांची सामायिक. मूळ आमच्याकडे, पसारा दोघांकडे. वर्षानुवर्षं कुणी छाटली नव्हती, त्यामुळे कोपऱ्यात तिची अशी दाट जाळी झाली होती की आत हात घालायची सोय नव्हती. मागच्या भिंतीपलीकडे एक रिकामा प्लॉट, घाणेरीच्या झुडपांनी भरलेला. त्या जाळीत आणि त्या प्लॉटमध्ये मिळून भारद्वाजांची एक जोडी राहायची.

शेजारी राहतात ते आमच्या ओळीचे सेक्रेटरी. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय गोड. रोज सकाळी ते गच्चीवर यायचे आणि भारद्वाज दिसला की हात जोडायचे. भारद्वाज दिसणं शुभ असतं म्हणून. त्यांच्या बायको मला भिंतीवरून हाक मारून सांगायच्या, आज दर्शन झालं बरं का. ओळीतल्या इतर बायकाही कधी कधी मुद्दाम आमच्या मागच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. तो तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा पक्षी भिंतीवरून तोऱ्यात चालत जायचा. मला या सगळ्याचं कौतुक वाटायचं. लोकांना पाखरू आवडतं, एवढंच तेव्हा मला दिसत होतं.

ताईंनी पहिल्यांदा दाणे टाकले ते कावळ्यासाठी. यजमान गेल्यापासून जेवणाआधी घास बाजूला काढायचा, हा त्यांचा नेम होता. मागच्या भिंतीवर भाकरीचा तुकडा ठेवायच्या आणि कावळा येईपर्यंत उभ्या राहायच्या. मग चिमण्या येऊ लागल्या, म्हणून त्या कण्या टाकायला लागल्या. मग साळुंक्या, मग सातभाईंचा थवा. नवऱ्याने त्यांना पेरूखाली एक पसरट मातीची परात आणून दिली. बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी, रात्रीच्या पोळीचा चुरा, सगळं त्या परातीत जायचं. ताई पायरीवर बसून पाखरांशी बोलायच्या. घरात आमच्याशी चार शब्द बोलणारी बाई तिथे अर्धा-अर्धा तास बोलत असायची, कोण आज आलं नाही, कोण फार भांडतं, कुणाचा पाय दुखावलाय. त्यांचा चेहरा भरला. जेवायला लागल्या. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, ताई रुळल्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तगरीत बुलबुलाने घरटं केलं. हातभर उंचीवर, वाटीएवढं, आत गुलाबी ठिपक्यांची अंडी. मी तिकडचं पाणी पाइपने देणं बंद केलं, तांब्याने घालायला लागले. एका सकाळी घरटं कलंडलेलं होतं आणि खाली टरफलांचे तुकडे पडले होते. ताई म्हणाल्या, तो तुमचा भारद्वाज आहे ना, त्याचंच काम. मालेगावकडे त्याला कुकुडकोंबा म्हणतात आणि तो दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांनी त्याला तगरीत शिरताना पाहिलंही होतं. ते खोटं नव्हतं, भारद्वाज अंडी खातोच. पण मी खाली वाकून बघितलं, तर तगरीच्या बुंध्यापासून गटाराच्या जाळीपर्यंत मातीत एक गुळगुळीत वाट पडली होती, रोजच्या येण्या-जाण्याने पडते तशी. टोमॅटो अर्धे कुरतडलेले होते. पेरूखालच्या परातीच्या कडेला लेंड्या होत्या. खरं काय झालं ते त्या बुलबुलांनाच ठाऊक. पण त्या दिवशी मला कळलं की बागेत उंदीर झालेत, आणि थोडेथोडके नाहीत.

नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूल रूममध्ये होता, अजूनही तिथे सल्ल्याला जातो. हाताने काम करायचं म्हटलं की तो खूश. त्याने गटाराच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. बिळांत काचेचे तुकडे आणि सिमेंट भरलं. पेरूच्या बुंध्याला पत्र्याचा पट्टा गुंडाळला, म्हणजे उंदराला वर चढताना नखं रोवता येऊ नयेत. मी ओला कचरा खड्ड्यात टाकायची, तो झाकणाच्या पिंपात टाकायला लागले. पिंजरे आणले. पहिल्याच आठवड्यात पिंजरा सकाळी उघडाच राहिला आणि त्यात दयाळ पक्षी अडकला. तारांवर आपटून त्याच्या चोचीच्या मुळाशी रक्त आलं होतं. मी दार उघडलं तरी तो क्षणभर बाहेर पडेना. तेव्हापासून मी नियम केला की पिंजरे संध्याकाळी पाखरं झोपली की लावायचे आणि उजाडायच्या आत मिटायचे. सापडलेल्या उंदरांचं पुढे काय करायचं ते नवरा करायचा. दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडणं मला पटत नव्हतं आणि मारणं माझ्याच्याने होत नव्हतं. मोरीत बादली भरल्याचा आवाज आला की मी पुढच्या खोलीत जायची. यात मी काही फार मोठी दयाळू आहे असं नाही. उंदीर नकोच होते मला.

पण उंदीर हटेनात. हटतील कसे? परात रोज भरत होती. मी नवऱ्याला म्हटलं, तू तुझ्या बहिणीशी बोल. तो म्हणाला, बोलतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तिला आत्ताच कुठे बरं वाटतंय. त्यानंतर म्हणाला, बायकांचं बायकांत सोपं जातं, तूच बोल.

मी बोलले. बंद करा असं म्हटलं नाही. फक्त सकाळीच घाला, पाखरं टिपून संपवतील एवढंच घाला, संध्याकाळी परात उचलून आत ठेवा, असं समजावलं. ताईंनी मान डोलावली आणि आठवडाभर तसं केलंही. मग संध्याकाळी सातभाई ओरडायला लागले की त्यांना राहवेना. मुठीने थोडंसं, भिंतीवर, कुणाला दिसणार नाही असं. मी बघायची आणि आत वळायची. सत्तरी ओलांडलेली बाई घरात चोरून दाणे टाकते, हे दृश्य काही बघण्यासारखं नव्हतं.

पाऊस लागून स्थिरावला आणि पलीकडे सेक्रेटरींच्या अंगणात घूस आली. त्यांनी नव्याने फरशी घातली होती, तिच्याखाली तिने पोकळी केली आणि दोन फरशा खचल्या. त्यांच्या गाडीच्या वायरी कुरतडल्या गेल्या. त्यांनी ओळीतल्या घरांची मीटिंग बोलावली, स्वतःच्याच हॉलमध्ये. पोहे होते, चहा होता. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं, गटारात आणि मागच्या भिंतीलगत विषाच्या वड्या ठेवायच्या, असं जवळजवळ ठरवूनच ते बसले होते. कुणाचाच विरोध नव्हता.

मी उठून बोलले. मधुमालतीच्या जाळीत भारद्वाजाचं घरटं आहे, जोडी आळीपाळीने अंडी उबवतेय, मी स्वतः त्यांना आत-बाहेर करताना बघितलंय, असं सांगितलं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि त्याला जो खातो तोही आतून रक्तस्राव होऊन मरतो. भारद्वाज उंदराची पिल्लं खातो, लहान उंदीरही मारतो. चिचुंद्री, मांजर, मुंगूस, कुणीही त्यात सापडेल. शाळेत शिकवताना बोलायची तशी मी बोलले असणार, कारण एक-दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

सेक्रेटरींनी मात्र लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, वहिनी, भारद्वाजाला इजा व्हावी असं या घरात कुणाला वाटेल का? मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, पण उंदीर कुठून येतात तेही बघू या. सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या मागे रोज परातभर धान्य पडतं.

कुणीतरी म्हणालं, हो, आम्हीही बघतो. म्हणजे त्यांनी आधी आपसात बोलून ठेवलं होतं. शेवटी असं ठरलं की पिल्लं उडून जाईपर्यंत कुणीही विष ठेवायचं नाही, सगळ्यांनी आपापल्याकडे पिंजरे लावायचे, आणि आमच्याकडचे दाणे त्या दिवसापासून पूर्ण बंद. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही तुमचा शब्द पाळा, आम्ही आमचा पाळतो." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आणि खरं सांगायचं तर त्यांची मागणी गैर नव्हती. मीही तेच सांगत होते, फक्त हळू आवाजात.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आता तरी तू सांग. त्याने ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि स्कूटर सर्व्हिसिंगला न्यायची राहिलीय म्हणून निघून गेला.

ताई पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या, कणी वेगळी काढत. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मीटिंग, विष, भारद्वाजाचं घरटं, दिलेला शब्द. थोडेच दिवस, पिल्लं उडाली की आपण पुन्हा बघू, असंही म्हणाले. त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलं नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, "त्या चोरापायी माझ्या चिमण्या उपाशी ठेवायच्या?"

मी म्हटलं, चिमण्या उपाशी राहणार नाहीत ताई, पावसाळ्यात त्यांना खायला पुष्कळ असतं.

त्या एरवी माझ्याशी शुद्ध बोलायच्या, शिक्षिकेशी बोलावं तशा. त्या दिवशी बोलल्या त्या आपल्या माहेरच्या अहिराणीत, माझ्याकडे न बघता. "मनं काय शे आठे?"

माझं काय आहे इथे. मी नाशिकची असले तरी तेवढी अहिराणी मला कळते. असं का म्हणता, हे घर तुमचंच आहे, वगैरे जे म्हणतात ते मी म्हटलं.

त्यांनी परात स्वतः घासली आणि मोरीच्या बाजूला पालथी घातली. वेगळी काढलेली कणी तांदळात परत मिसळली. दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या दारात आल्या नाहीत. पाखरं मात्र येत राहिली. चिमण्या भिंतीवर ओळीने बसायच्या, परातीच्या जागी उतरून ओल्या मातीत चोच मारून बघायच्या. सातभाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येऊन कालवा करायचे. ताई पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसायच्या. काही दिवसांनी थवा येईनासा झाला.

मग पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो मामाशी बोलला नाही, मलाच फोन द्यायला सांगितला. "मामी, आई म्हणत होती तिला मूठभर दाणे टाकू देत नाही म्हणे तुम्ही. काही अडचण असेल तर सांगा, मी पैसे पाठवत जाईन धान्याचे." मी त्याला उंदरांचं सांगायला सुरुवात केली. तो हो हो म्हणत होता. आईचं घर विकून तिला इकडे ठेवणारा मुलगा मला फोनवर शिकवत होता आणि मी त्याला गटाराच्या जाळीचं सांगत होते. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. नंतर नात्यातल्या एका साखरपुड्यात एका चुलत जावेने हसत हसत विचारलं, काय गं, पाखरांचंसुद्धा जेवण बंद केलंस म्हणे.

दाणे बंद झाले आणि उंदीर खरोखर कमी झाले. पिंजरे रिकामे राहू लागले. बुजवलेली बिळं बुजलेलीच राहिली. मधुमालतीतून पिल्लांचा घोगरा आवाज मोठा होत चालला होता. नर-मादी सारखी ये-जा करायची, चोचीत कधी नाकतोडा, कधी सरडा, एकदा उंदराचं उघडं पिल्लू. मी लांबून बघायची. आपलं बरोबर होतं असं वाटायचं, आणि ते घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

श्रावणात सटाण्याला नवऱ्याच्या मावशीकडे कार्य होतं. ताईंना तिथे जायचं होतं, त्यांच्या ओळखीचा सगळा मुलूख तो. आम्ही तिघंही गेलो आणि आठवडाभर राहिलो. तिथे ताई एकदम वेगळ्या झाल्या. चुलीपाशी बसून पोरींना ओरडत होत्या, हसत होत्या. परतताना गाडीत पुन्हा गप्प.

घरी आलो आणि मी आधी मागचं दार उघडलं. ऊन होतं. भर उन्हात, उघड्या फरशीवर एक उंदीर बसला होता. मी जवळ गेले तरी पळाला नाही. दोन पावलं चालला आणि कुशीवर पडला. नाकाशी रक्त होतं. मी गटाराची जाळी उचलली. आत निळसर वड्या, उंदरांनी खाल्लेल्या. भिंतीलगत, मधुमालतीच्या मुळाशीही तशाच, कागदात ठेवलेल्या. आमच्या अंगणात, आम्ही नसताना, आमच्या झाडाच्या मुळाशी.

मी तशीच शेजारी गेले. सेक्रेटरी पेपर वाचत होते. बसा म्हणाले. मी उभी राहिले आणि विचारलं, पिल्लं उडेपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?

त्यांना ओशाळल्यासारखं झालं नाही. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो वहिनी, मुलीच्या सासरचे यायचे होते. परवाच येऊन गेले. मागच्या अंगणात घूस फिरताना त्यांनी बघितली असती, तर काय वाटलं असतं? थोडंसंच ठेवलंय." तुम्ही घरी नव्हता, नाहीतर विचारलंच असतं, असंही म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, सटाण्याचं कार्य नीट पार पडलं ना?

मी परत आले. हातात रबरी मोजे घालून सगळ्या वड्या गोळा केल्या, मेलेले उंदीर कागदात गुंडाळले, खोल खड्डा करून पुरले. मोरीच्या बाजूला एक चिचुंद्री मरून पडली होती. ती बिचारी किडे खाऊन जगणारी, तिचा कुणाला काही त्रास नव्हता. नवरा मदत करत होता. ताई खिडकीतून बघत होत्या.

पुढचे काही दिवस मी रोज जाळीकडे कान देऊन होते. पिल्लं ओरडत होती. मोठ्यांपैकी एकच दिसत होता, दुसरा कुठे गेला ते कळेना. रिकाम्या प्लॉटमध्ये असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

तो ताईंना सापडला. त्या इतक्या दिवसांनी मागे का गेल्या होत्या, मी विचारलं नाही. त्यांनी मला हाक मारली तशी त्यांनी पूर्वी कधी मारली नव्हती, नावाने. मधुमालतीच्या बुडाशी, भिंतीला टेकून भारद्वाज बसला होता. तांबडे पंख ढिले पडलेले, मान एका बाजूला. चोचीतून पातळ रक्त गळत होतं आणि ते थांबत नव्हतं. ताईंनी त्याला साडीच्या पदरात उचलून घेतलं. त्यांनी ज्याला चोर म्हटलं, त्यालाच. दुसऱ्या हाताने त्या चमच्याने त्याच्या चोचीला पाणी लावत होत्या. मी पक्षी वाचवणाऱ्या मुलांना फोन केला. ते म्हणाले, आणा, डॉक्टर इंजेक्शन देऊन बघतील, पण रक्त बाहेर येत असेल तर आशा कमी. नवऱ्याने खोका शोधेपर्यंत ताईंच्या मांडीवरच त्याने पंख ताणले आणि मान टाकली. लाल डोळा उघडाच होता.

ताईंनी पदराची कड त्याच्यावर ओढली. पदराला रक्ताचे डाग पडले होते. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजी काय करायची असं विचारावं तसं. "आता तरी घालू का दाणे?"

मी म्हटलं, घाला.

पण त्यांनी घातले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी परात धुऊन पेरूखाली ठेवली, बाजरी आणून ठेवली. त्यांनी ती बघितली आणि आत गेल्या. चार दिवसांनी बाजरीत पाणी साचून कोंब आले, मग मीच ती उपसून टाकली.

पिल्लांतलं एक तरी जगलं असावं. पुढच्या पंधरवड्यात मला घाणेरीत एक मळकट, आखूड शेपटीचं पाखरू धडपडताना दिसलं. बाकीच्यांचे आवाज थांबले होते. घरटं बघायला मी जाळीत हात घातला नाही.

ओळीतल्या कुणालाच याचं फारसं काही वाटलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सेक्रेटरींच्या बायको हळहळल्या. भारद्वाज मेलेला दिसला तर काही अशुभ असतं का, शांत वगैरे करावी लागते का, ते त्यांनी गुरुजींना विचारलं. सेक्रेटरी मला म्हणाले, जे झालं ते झालं, आपण मनात ठेवू नये. पुढच्या मीटिंगमध्ये पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं काम देऊन टाकलं गेलं. मी विरोध केला तेव्हा एकजण म्हणाले, मॅडम, पण उंदीर गेले की नाही? गेले होते. ते माझ्या पिंजऱ्यांनी आणि ताईंच्या रिकाम्या परातीने आधीच जात आले होते, हे सांगून उपयोग नव्हता. मी एवढंच मागून घेतलं की आमच्या अंगणात कुणी पाऊल ठेवायचं नाही. ते त्यांनी आनंदाने मान्य केलं. असल्या गोष्टी मान्य करायला त्यांचं काहीच जात नाही.

दिवाळीनंतर ताई पुण्याला गेल्या. मुलाने मोठं घर घेतलं नव्हतं, पण त्या हट्टालाच पेटल्या. नातवाच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. मी भेटायला गेले तेव्हा बघितलं, त्या मजल्यावरच्या सगळ्या बाल्कन्यांना पारवे येऊ नयेत म्हणून जाळ्या लावलेल्या. ताई जाळीच्या आत खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझ्याशी नीट बोलल्या, चहा करून दिला, त्यांनी स्वतः. तिथे त्यांना कुणी बसा म्हणत नव्हतं. सून नोकरीवर गेली की स्वयंपाकघर त्यांचंच. मला त्याचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण एवढी साधी गोष्ट आमच्याकडे त्यांना मिळाली नव्हती.

नात्यात अजूनही असंच समजतात की नणंदेचं आणि माझं जमलं नाही. कारण काय, तर दाणे. ऐकायला ते हास्यास्पदच वाटतं. एकदा मी नवऱ्याला विचारलं, तूच का नाही सांगितलंस तिला तेव्हा? तो पिंजऱ्याची स्प्रिंग बसवत होता. म्हणाला, "तू सांगितलंस तेच बरं झालं. मी सांगितलं असतं, तर तिला फार लागलं असतं."

म्हणजे मी सांगितल्याने लागणार नव्हतं. किंवा लागलं तरी चालणार होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात काही वाक्यं अशी असतात की त्यांना उत्तर दिलं तर पुढचं जेवण शिजत नाही.

पिंजरे मी अजून रोज संध्याकाळी लावते आणि सकाळी मिटते. सेक्रेटरींशी बोलणं ठेवलं आहे. संक्रांतीला त्यांच्याकडचं हळदीकुंकू असतं, जाऊन येते. ओळीतली माणसं वाईट नाहीत. कुणाच्या घरी आजारपण आलं तर धावून येतात. फक्त त्यांना जे आवडतं, ते त्यांच्या सोयीच्या आड येईपर्यंतच आवडतं, आणि हे त्यांना कुणी सांगितलं तरी खरं वाटणार नाही.

यंदा मी कुंडीत अंजिराचं रोप लावलंय, पानं तळहाताएवढी झाली आहेत. गेल्या आठवड्यात दोन पानं एकमेकांना जोडलेली दिसली, कडेने बारीक टाके घातल्यासारखी. शिंपी पक्ष्याचं घरटं. मादी आत बसते तेव्हा फक्त शेपटीचं टोक वर दिसतं. सेक्रेटरींच्या बायकोने परवा भिंतीवरून विचारलं, यंदा काही पाखरंबिखरं आहेत की नाही तुमच्याकडे?

मी म्हटलं, नाही हो, यंदा काही नाही.